खेळाचा तास कापू देऊ नका

(यशवंतपूर येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



पगार, बदल्या, क्वार्टर्स हे विषय आज बाजूला ठेवून आम्ही मुलांच्या खेळाबद्दल बोलणार आहोत. हाही कामगारांचाच प्रश्न आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मालकांनी खुशीने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी ती मिळाली. आज कोणी आपली रेस्ट कापली तर आपण गप्प बसतो काय? मग शाळेत खेळाचा तास कापून गणिताला दिला जातो, तेव्हा गप्प का बसायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटे. वेळापत्रकात चाळीस मिनिटांचे दोन तास असले, तर ८० झाली. उरलेली ३४० कुठे भरायची? यशवंतपूरच्या गल्लीत दुचाक्या उभ्या, मार्केट यार्डाकडे ट्रकांची वर्दळ. आईवडील ड्यूटीवर. मूल मोबाईल घेऊन घरात बसते. म्हणून शाळेवरच भिस्त आहे.

शाळेने काय करावे? खेळाचा तास परीक्षेच्या दिवसांतही मोडू नये. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गात कोंडू नये. शाळा सुटल्यावर तासभर मैदान उघडे ठेवावे. मुलींना मैदानाचा अर्धा वाटा द्यावा. शिक्षा म्हणून पळायला लावू नये. त्याने पळण्याचीच नावड लागते. खर्चाची सबब नको. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात. लंगडीला तेवढेही लागत नाही.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रेल्वेत नोकरी करीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आपल्याला तिचा अभिमान आहे. पण शाळेने बारा चपळ मुले निवडून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवावे, हे आपल्याला मान्य नाही. जे मूल सर्वांत मागे राहते, त्यालाच खेळाची गरज जास्त.

आपल्या हाती कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक हवा. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या समितीत जाऊन बसा. वेळापत्रक मागा. खेळाचे किती तास लावले आणि प्रत्यक्ष किती झाले, ते विचारा. खासगी शाळेत पालकसभेत हेच विचारा.

ड्यूटीमुळे एकाला जाता आले नाही, तर दुसऱ्याने जावे. युनियनचे काम आपण असेच करतो. मुलांसाठीही तसेच करू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!