मावळची हवा आणि मावळची मुले



पुण्यामुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांत एक शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मूल वारंवार खोकू लागले, त्याची भूक मंदावली किंवा परीक्षेच्या धास्तीने ते चिडचिडे झाले, की घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते, "चार दिवस लोणावळ्याला घेऊन जा, हवापालट होईल." हा सल्ला निराधार नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेल्या या गावाची हवा खरोखरच आल्हाददायक आहे, आणि तिच्याच भरवशावर लोणावळे-खंडाळ्यास धनिकांचे बंगले, सॅनिटोरियमे आणि अलीकडे हॉटेले उभी राहिली. परंतु त्याच हवेत जन्मून त्याच हवेत वाढणारी जी मुले अंदर मावळात, नाणे मावळात आणि पवन मावळात आहेत, त्यांच्या छातीची, वजनाची आणि मनाची स्थिती काय असते, हा प्रश्न हवापालटासाठी आलेल्या मंडळींना सहसा पडत नाही. आज मला तोच मांडावयाचा आहे.

घाटाच्या हवेचा हा लौकिक तसा अर्वाचीनच आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली, त्यापूर्वीची काही वर्षे याच घाटात बोगदे खोदण्याचे आणि कमानी उभारण्याचे काम चालले होते. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार हे काम अंगावर घेऊन आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून मरण पावला. पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता सांभाळून ते तडीस नेले. ट्रेडवेलचे नाव निदान दप्तरात राहिले. काम ऐन भरात असताना ज्या चाळीस हजारांहून अधिक मजुरांचे हात या घाटात राबत होते, त्यांतले हजारो पटकीने आणि तापाने तेथेच गेले, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हवा त्या वेळीही हीच होती. झोपड्या मात्र गवताच्या होत्या आणि पिण्याचे पाणी ओढ्याचे होते. हवा एकटी कोणाला लाभत नाही की बाधत नाही; घराच्या भिंतींतून, चुलीच्या धुरातून, बापाच्या मजुरीतून आणि गावच्या रस्त्यावरून गाळली जाऊन मगच ती मुलाच्या छातीत उतरते, असे माझे मत या मुलखात वैद्यकीच्या निमित्ताने हिंडता हिंडता दृढ होत गेले आहे.

पाऊसच घ्या. लोणावळ्यास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून लोकलने मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव असे करीत तीस किलोमीटरांवर तळेगावास उतरावे, तो त्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा हाती लागतो. शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्याला हा पाऊस म्हणजे धुके, धबधबा आणि भाजलेले कणीस. डोंगराच्या कुशीतल्या ठाकरवाडीत किंवा कातकरी वस्तीवर तोच पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. भिंती कुडाच्या, जमीन शेणाने सारवलेली आणि म्हणूनच सदैव ओलसर. पश्चिमेची झड अडवण्यासाठी बाहेरून गवताचे किंवा प्लॅस्टिकच्या कागदाचे आडोसे बांधलेले, त्यामुळे उजेडाबरोबर वाऱ्याचीही वाट बंद झालेली. सरपण भिजलेले, आणि घरातली एकमेव उबदार जागा म्हणजे चुलीपाशी, तेथेच तान्ह्या मुलाची झोळी टांगलेली. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, नवजात अर्भक चाळीस ते साठ. म्हणजे त्या खोलीतला धूर सर्वांना सारखा असला, तरी त्याचा सर्वांत मोठा वाटा सर्वांत लहान जिवाच्या पदरात पडतो. पाच वर्षांखालील मुलांच्या न्यूमोनियाने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे घरातल्या धुराशी निगडित आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने देशभर गरिबांच्या घरांत गॅसची शेगडी आणून ठेवली, हे मान्य. पण रिकामा सिलिंडर बदलून आणण्याचे पैसे ऐन पावसाळ्यात मजुराच्या हाताशी नसतात. शिवाय चूल केवळ स्वयंपाकासाठी नसतेच, अंग शेकायला, लंगोट आणि दुपटी वाळवायला ती रात्रभर धुमसत ठेवावी लागते. दप्तरात मात्र त्या घराची नोंद गॅसधारक म्हणून केव्हाच रुजू झालेली असते.

याच दिवसांत भाताची आवणी चालू असते. आई पहाटे चिखलात उतरते ती दुपार कलली तरी बांधावर येत नाही. तान्हे आजीपाशी किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीपाशी राहते, त्याचे दूध तितके तास तुटते, आणि त्या बहिणीची शाळाही आवणी संपेपर्यंत बुडते. एकाच कामामुळे घरातल्या दोन मुलांचे दोन प्रकारे नुकसान झाले. परंतु पहिले आरोग्य खात्याच्या कागदावर जाते, दुसरे शिक्षण खात्याच्या, आणि दोन्ही कागद एका मेजावर कधी येत नाहीत.

लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली, आणि आसने व प्राणायाम यांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगशाळेत यंत्रांनी मोजून पाहण्याचा, त्या काळी अपूर्व असा, उपक्रम तेथे सुरू केला. श्वास कसा घ्यावा हे शिकायला आजही देशोदेशींचे लोक तेथे येतात. तेथून काही कोसांवरच्या वाडीत आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, श्वास मोजत असते, ते निराळ्या कारणासाठी. मूल रडते असेल तर ते निवण्याची ती वाट पाहते; मग त्याच्या अंगावरचे दुपटे बाजूला सारून, पोटाच्या वरखाली होण्यावर नजर खिळवून, पुरते एक मिनिट मनाशी आकडे म्हणते. दोन महिन्यांखालील मुलाचे श्वास साठ किंवा अधिक भरले, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे पन्नास, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस, तर खोकल्याचे ते साधे पडसे नव्हे. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर दवाखाना गाठण्यास एक तासही दवडू नये. ही विद्या खेड्यातल्या सामान्य बाईच्या हाती देता येते, हे दाखवण्यात महाराष्ट्राचाच वाटा मोठा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस निरक्षर सुईणींना न्यूमोनिया ओळखण्यास शिकवले, तेव्हा त्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत ही अडचण पुढे आली. त्यावर एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी ओवलेली तार, असे साधन काढण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेले मणी संपले की औषध सुरू करायचे. अडाणीपणाला दोष देत बसण्यापेक्षा अडाणी माणसाला पेलेल असे साधन शोधणे हे मला नेहमीच श्रेष्ठ प्रतीचे पांडित्य वाटत आले आहे.

आता वजनाकडे वळू. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी काट्याला झोळी अडकवतात, आणि दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरांखाली आला की पट्टीचा तांबडा रंग दिसतो, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पट्टी तांबडी दिसली की सेविका आईला बजावते, की मुलाला डाळ, अंडे, दूध द्या. सल्ला बिनचूक आहे. फक्त तो आषाढात दिला जातो, जेव्हा कणगीतले भात तळाला गेलेले असते आणि पुढले पीक अजून पोटरीतही आलेले नसते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या इंद्रायणी तांदळाने मावळचे नाव पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरांत पोचवले. पण तो सुवासिक तांदूळ पिकवणारे अनेक जण तो विकून टाकतात आणि घरी शिधापत्रिकेवरचा भात शिजवतात. पूर्वी या पडत्या दिवसांना ओढ्यातले खेकडे, टाकळा, भारंगी, कुर्डू यांचा आधार असे. आता धबधब्याच्या वाटेवर दर शंभर पावलांवर टपरी आहे, आणि पाच रुपयांच्या कुरकुरीत पुडीने मुलाची भूक मारता येते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की लोणावळ्याची चिक्की मुळात गुडदाणी म्हणून रेल्वेच्या मजुरांना विकली जाई, असे सांगतात. शेंगदाणा आणि गूळ हे कष्टकऱ्याचे उत्तम अन्न. ते रंगीत खोक्यांतून शहरात गेले, आणि शहरातून त्याच्या बदल्यात ही पुडी आली.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. उचल अगोदरच घेतलेली असते, तिची फेड होईपर्यंत, म्हणजे बहुधा पुढल्या पावसाच्या तोंडापर्यंत, त्यांचा मुक्काम राखेच्या आणि मातीच्या ढिगाशेजारी. श्रावणात ज्या मुलाचा दंडघेर महिन्याकाठी मोजला जात होता, त्याच्यापुढे अंगणवाडीच्या नोंदवहीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. आणि ज्या गावच्या शिवारात भट्टी आहे, तेथल्या नोंदवहीत त्याचे नाव चढेलच असा भरवसा नसतो. या बाबतीत आपणांस वस्तुपाठ नाही असे मात्र नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना, गुरांमागे जाणारी मुले शाळेत येत नाहीत असे पाहिले, तेव्हा शाळाच कुरणात नेली, आणि तिला नाव दिले कुरणशाळा. पुढे ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीमजुरांचे तात्पुरते खोपट. मुलाने व्यवस्थेपर्यंत यावे, या हट्टापायी आपली निम्मी व्यवस्था वाया जाते, हे या बायामाणसांना आपल्या आधी कळले होते.

मनाचा विषय मी मुद्दामच शेवटी ठेवला. मावळातल्या गरीब मुलाला भूक आणि ताप असतात, मन फक्त शहरातल्या मुलाला असते, अशी एक समजूत सुशिक्षितांत असते. वस्तुतः या मुलखातल्या मुलांनी जितके डोळ्यांदेखत जग पालटताना पाहिले, तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात टाटांच्या जलविद्युतेसाठी वळवण, शिरोटा, ठोकळवाडी अशी धरणे झाली; शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला, तो अशाच धरणाविरुद्ध. पुढे पवनेचे धरण झाले. त्याचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते, आणि डोंगरावरच्या कित्येक वाड्यांत, चार हजार मिलिमीटर पाऊस अंगावर झेलूनही, चैत्र-वैशाखात मुलगी हंडा घेऊन झऱ्यापाशी रांगेत बसते. पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ऑगस्ट २०११ मध्ये बऊरजवळ गोळीबार होऊन तीन शेतकरी बळी पडले. ज्या घरांतून ती माणसे गेली, त्यांच्या आळीतली मुले तेव्हा शाळकरी होती.

पुणे-मुंबई द्रुतगती महामार्ग झाल्यापासून जमिनीला जो भाव आला, त्याने आणखी एक निराळीच आपत्ती आणली. सातबाऱ्यावरून बापाचे नाव उतरले, मोबदल्याची रक्कम आली, दाराशी गाडी उभी राहिली, आणि दोन-चार वर्षांत रकमेबरोबर गाडीही गेली. बापाला काम उरले नाही, उरले ते व्यसन आणि त्याचा संताप. पैशाने सुस्थितीत आलेल्या अशा घरातले मूल अंथरूण ओले करू लागते, वर्गात मुके होते, पोट दुखते म्हणून वारंवार दवाखान्यात येते, आणि तपासणीत पोटात काहीच सापडत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर या दुखण्याला रकाना नाही. शनिवार-रविवारी धरणाच्या पायऱ्यांजवळ कणसे भाजणाऱ्या मुलाचे तसेच. त्याच्याच वयाचे मूल गाडीतून उतरून त्याच्यापुढे पन्नासाची नोट धरते, बाप शेजारी उभा राहून "लवकर दे रे" म्हणून ओरडतो, तेव्हा दोघांच्याही मनावर काहीतरी उमटत असते, आणि ते दोघांच्याही हिताचे नसते. बालसंगोपनावर व्याख्याने ऐकणाऱ्या पालकांनी आपल्या मुलाला त्या मुलाचे नाव विचारायला सांगावे, एवढे मी त्यांना आजवर अनेकदा सुचवले आहे. फार थोड्यांनी ते मनावर घेतले.

वेळ संपत आली आहे, म्हणून एका व्यावहारिक गोष्टीवर येतो. टाकवे बुद्रुक, खडकाळे, कार्ला अशी प्राथमिक आरोग्य केंद्रे या तालुक्यात आहेत, आणि कान्ह्याला मोठे सरकारी रुग्णालय आहे. परंतु अंदर मावळाच्या शेवटच्या टोकाला, खांडी-सावळ्याच्या बाजूला, श्रावणातल्या एखाद्या रात्री आशाताईने श्वास मोजले आणि ते पन्नासाच्या पुढे गेले, तर त्या मुलाला टाकव्यापर्यंत आणायचे कोणत्या वाहनाने, हे तिने त्याच वेळी दारोदार विचारत फिरावे लागू नये. रुग्णवाहिकेचा क्रमांक तिच्यापाशी आहे. पण फोनला रेंज नसते आणि ओढ्याला पाणी असते. म्हणून ज्या ग्रामपंचायती बंगल्यांची घरपट्टी वसूल करतात, त्यांनी आपल्याच हद्दीतल्या एका जीपवाल्याशी जून ते सप्टेंबरपुरता करार करावा, त्याचे भाडे पंचायतीने परस्पर भरावे, आणि कोणत्या रात्री कोणाची पाळी आहे, याचा कागद आशाताईच्या घरी आणि अंगणवाडीच्या दारावर पावसापूर्वी लागलेला असावा. ठराव मांडायला मे महिन्याची ग्रामसभा सोयीची पडेल. तेव्हा मंडळी लग्नसराईत असतात, हे मला ठाऊक आहे.