पोटरी थांबवते तेव्हा

बाजारातून येताना ठरावीक अंतरावर पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की ओसरतो. चाललं की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, वय झालं! पण पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्या की असंच दुखतं. मणक्याच्या दुखण्यात नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. हा फरक डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासणी साधी आहे: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. उत्तर ०.९० किंवा कमी आलं, तर रक्त अडतंय. मधुमेहात मात्र रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवू शकतो. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

औषधं आहेत, फुगा घालून वाट मोकळीही करतात. पण बिडी-तंबाखू सुटली नाही, तर सगळं पाण्यात. आणि डॉक्टरांना विचारून चालायचं. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने.

रात्री पाय खाटेखाली सोडल्यावरच बरं वाटत असेल, बोटावरची जखम भरत नसेल, तर शेकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पाय अचानक गार, पांढरा पडला, तर त्याच तासाला.