लाल दिवा विझला, तरी…

गाड्यांच्या गोष्टी सांगणारा माणूस मी नव्हे. मी कविता लिहितो, आणि माझ्या कवितेत गाडी आलीच तर ती बहुधा बैलगाडी असते. तरी आज बोलायचं आहे ते एका मोटारीच्या इंजिनाबद्दल.

गाडी आमच्या अब्बांची. प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. सोलापूरकरांना या गाडीबद्दल थोडा जास्त जिव्हाळा असायला हरकत नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याच फियाटला नंतर पद्मिनी हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह.

अब्बा गेल्यावर गाडी नऊ वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. एके दिवशी अम्मी म्हणाली, “एकदा याच गाडीतून गुलबर्ग्याला नेशील?” ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याला अब्बा तिला दरवर्षी या गाडीतून नेत. अम्मी ऐंशी ओलांडलेली. अशा मागणीला ‘बघू’ म्हणता येत नाही.

इंजिन बांधायला काढलं. ब्लॉक रिबोअर झाला, क्रँक ग्राइंड झाला, नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडचं फेसिंग. घरात जरा कुरकुर झाली, कारण पैसे एका लग्नासाठी ठेवलेले होते. तीन आठवड्यांनी सेल मारला, इंजिन लागलं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला. मी गॅरेजमध्ये पेढे वाटले.

दहाव्या मिनिटाला वरून आवाज सुरू झाला. टक्-टक्-टक्. मिस्त्री म्हणाले, टॅपेट आहे, सेट करतो. सेट केलं. दोन दिवस बरे गेले, पुन्हा टक्-टक्. पुन्हा सेट केलं. मग ते म्हणाले, नवं काम आहे, जागा घेईल. शेजाऱ्यांनी जाड ऑइल घालायला सांगितलं. एकानं डबीतलं कसलंसं औषध आणून दिलं. मी सगळं केलं आणि शेवटी गॅरेजमध्ये चार माणसांदेखत त्या मिस्त्रींना नको ते बोललो. काम येत नसेल तर घेता कशाला, असं काहीसं. ते काही बोलले नाहीत.

मग गाडी नेली अण्णांकडे. अण्णा पद्मशाली, वय सत्तरीच्या आसपास, आता स्वतः पाना फारसा धरत नाहीत, स्टुलावर बसून सांगतात. त्यांनी आधी नुसतं ऐकलं. म्हणाले, “भाई, तुम्ही कवी ना? मात्रा मोजा.” इंजिन दोन फेरे फिरतं तेव्हा कॅमशाफ्ट एक फेरा घेतो. म्हणून वरचा आवाज इंजिनाच्या निम्म्या चालीनं येतो. खालून, बेअरिंगमधून आला तर चाल दुप्पट. मी मोजलं. खरंच निम्मी चाल होती.

मग त्यांनी व्हॉल्व्हवरचं कव्हर काढायला लावलं आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. आता तेल उडणार म्हणून मी दोन पावलं मागं सरलो. काहीही उडालं नाही. अण्णांनी इंजिन बंद करवलं, रॉकरवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट कोरडं.

“पण लाल दिवा तर विझतो!” मी म्हणालो.

“दिवा खालचं सांगतो,” अण्णा म्हणाले. पंप चेंबरमधलं तेल ओढतो आणि ब्लॉकमधल्या मुख्य वाहिनीत दाबतो. दिव्याचं बटण तिथं बसवलेलं. तिथून तेल क्रँकला, कॅमला जातं. त्यातलंच थोडं एका बारीक वाटेनं वर चढतं. ब्लॉकमधून, गॅस्केटच्या भोकातून, हेडमधून रॉकर शाफ्टच्या पायात. शाफ्ट पोकळ. त्याच्या छोट्या छोट्या भोकांतून आठही रॉकरांना तेल मिळतं. ही वाट कुठंही बुजली तरी खाली दाब पुरेपूर आणि दिवा विझलेला. आमच्या गल्लीच्या नळासारखंच आहे हे. टाकी भरलेली असते, पण म्हणून वरच्या मजल्यावर पाणी येतंच असं नाही.

शोधायची त्यांची रीत मला फार आवडली. वरून एकेक पायरी खाली यायचं. रॉकरांचा सगळा संच काढला, पुशरॉड क्रमानं मांडून ठेवले, प्लग काढले आणि सेल मारला. हेडच्या भोकातून तेल वर आलं असतं तर दोष शाफ्टमध्ये. आत गाळ साचलेला किंवा शाफ्ट फिरवून बसवल्यामुळं भोक पायाशी न जुळणारं. आमच्याकडे थेंबही आला नाही. मग अण्णांनी भोकात बारीक तार घातली. हेडच्या जाडीइतकी आत गेली आणि थांबली.

हेड उतरवलं. गॅस्केट काढून ब्लॉकवर धरली. तेलाच्या वाटेवर तिला भोकच नव्हतं. जवळच एक होतं, बोटभर सरकलेलं. गॅस्केट दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाची, आकार जवळपास सारखा.

आणि ती गॅस्केट मी आणली होती. त्या मिस्त्रींनी मला बजावलं होतं, जुनी सोबत न्या, दुकानात एकीवर एक ठेवून बघा. मी जुनी कचऱ्यात टाकून दिली होती, आणि हे त्यांना सांगितलंही नव्हतं. बसवण्याआधी त्यांनीही ती ब्लॉकवर धरून पाहायला हवी होती, हे खरं. पण चार माणसांत मी बोललो ते त्याबद्दल नव्हतं.

कोरडं चालून रॉकर शाफ्टला खाचा पडल्या होत्या. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला आहे, आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सोलापुरात शाफ्ट मिळेना. शेवटी कुर्ल्याच्या भंगारातून एका टॅक्सीचा मिळाला, म्हणजे जिथं घडला असेल तिथूनच परत आला. नवी गॅस्केट या वेळी जुळवून घेतली. एकदा दाबलेली पुन्हा वापरत नाहीत. इंजिन लावण्याआधी अण्णांनी रॉकरांवर हातानं तेल ओतलं, प्लग काढून सेल मारत राहायला सांगितलं, आणि प्रत्येक रॉकरच्या बुडाशी तेलाची लकेर दिसेपर्यंत कव्हर लावू दिलं नाही.

थोडी टिकटिक राहिली होती. मी लगेच बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, “राहू दे. टॅपेटला फट लागते. अगदी गप्प केलं तर व्हॉल्व्ह नीट बसणार नाही, जळेल.”

पहिल्या मिस्त्रींकडे गेलो, त्याच चार माणसांच्या वेळेला. माफी मागितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, “काढलेली गॅस्केट कुठंय?” मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

पुढच्या शुक्रवारी पहाटे निघालो. अक्कलकोट मागं पडेपर्यंत अम्मी गप्प बसून होती. मला वाटलं, झोप लागली. मग मागून तिचा आवाज आला, “हाच. हाच आवाज यायचा.”