निरवानिरव

मराठीत ‘निरवानिरव’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस घरदार आणि देणेघेणे मागे राहणाऱ्यांच्या हवाली करतो, ती निरवानिरव. शेवटच्या प्रवासापूर्वीही जुनी माणसे ती करीत. देव्हाऱ्यात गंगाजल जपून ठेवलेले असे. कुणाला काय द्यावयाचे, हे लेकीसुनांना सांगून झालेले असे.

आज अशा बोलण्याची गरज वाढली आहे. बोलणे मात्र कमी झाले आहे. पूर्वी दुखणे विकोपाला गेले की निर्णय बहुधा निसर्गच करी. आता श्वसनयंत्र आहे, नळीवाटे अन्न आहे. या साधनांनी असंख्य प्राण वाचतात. परंतु बरे होण्याची आशा उरली नसेल, तेथे तीच साधने कधी केवळ मरण लांबवितात. अशा वेळी डॉक्टर विचारतात, “पुढे काय करावयाचे?” ज्याने उत्तर द्यावयाचे, तो बोलण्यापलीकडे गेलेला असतो. मुलगा म्हणतो, सर्व उपाय करा. मुलगी म्हणते, अण्णांचे हाल थांबवा. दोघांचेही प्रेम खरे. पण अण्णांच्या मनात काय होते, हे दोघांनाही ठाऊक नसते. निर्णय कोणताही होवो, त्याची रुखरुख जन्मभर उरते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा निष्ठेने केली. २०११ साली त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा इतर सर्व बोलले. त्या स्वतः बोलू शकत नव्हत्या. याउलट, १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात विनोबांनी अन्न आणि औषध नाकारले. तो निर्णय कुणाला पटो वा न पटो, इच्छा कोणाची याविषयी संशय राहिला नाही.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावयाची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून लेख साक्षांकित करून घ्यावयाचा. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावेही त्यात घालता येतात. लेख केव्हाही बदलता येतो. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत घ्यावेच लागते.

तथापि कागदाआधी संवाद हवा. वडीलमाणसाने विषय काढला की घरचे म्हणतात, “असे अभद्र बोलू नका.” त्या म्हणण्यात माया असते, परंतु तिने सांगणाऱ्याचे तोंड बंद होते. त्याऐवजी कुणी जवळ बसून विचारावे: घरी राहावेसे वाटते की रुग्णालयात? यंत्रे कोठपर्यंत चालतील? जवळ कोण असावे? उपचार थांबले म्हणजे शुश्रूषा थांबत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट व्हावे. वेदना कमी करणे, कोरडे ओठ ओले करणे, हात हातात घेणे, हे अखेरपर्यंत चालूच राहते.

दागिने आणि जमीन यांची निरवानिरव मागच्यांची भांडणे टाळते. अखेरच्या दिवसांची निरवानिरव त्यांना अपराधीपणाच्या ओझ्यातून सोडविते. प्रकृती ठणठणीत असतानाच ती करणे, ही मागे राहणाऱ्यांवरची मायाच होय.