सातपुड्याचा पाला आणि संशोधकाचे दायित्व



तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या खानदेशाच्या वतीने, आणि ज्या भिल्ल, पावरा व तडवी बांधवांनी सातपुड्यातील झाडपाल्याचे ज्ञान कोणत्याही सरकारी दप्तरात नोंद नसताना पिढ्यानपिढ्या सांभाळले त्यांच्याही वतीने, मी या परिषदेस आलेल्या आपणां सर्वांचे जळगावात अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. या प्रदेशाची वनस्पतिसंपदा धुळ्याच्या प्रा. डी. ए. पाटील यांनी २००३ साली धुळे-नंदुरबारपुरती आणि पुढे २००८ साली क्षीरसागर यांच्यासमवेत जळगाव जिल्ह्यापुरती ग्रंथबद्ध केली, हे आपणांस विदित आहेच.

याच संपदेतील काही वनस्पती मधुमेहावर वापरल्या जातात. बेडकीचे, म्हणजे गुडमारचे, पान चावून साखर जिभेवर ठेवली, तर गोडी नाहीशी होऊन ती वाळूसारखी लागते. बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्री भरलेले पाणी सकाळी तांबूस होते व उन्हात धरल्यास त्यावर निळसर झाक उमटते. ह्याच बिबळ्याची, अर्थात विजयसाराची, मधुमेहावरील औषध म्हणून परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केली, आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ९७ रुग्णांपैकी ६७ जणांच्या रक्तातील साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आल्याचे नमूद आहे. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे हा दाखला आशादायक असला तरी अखेरचा नव्हे.

परंतु मधुमेह आणि प्रजननशक्ती यांच्या ज्या प्रश्नासाठी आपण येथे जमलो आहोत, तो याहून नाजूक आहे. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला मधुमेह पुरुषाच्या शुक्रजंतूंना अपाय करतो, स्त्रीची पाळी अनियमित करतो, आणि गर्भधारणेच्या वेळी साखर चढलेली असल्यास गर्भपाताचा व अर्भकातील व्यंगाचा धोका वाढवितो. असे असूनही आमच्या गावोगावी अपत्य नसल्याचा दोष आधी सुनेच्या माथी मारला जातो आणि नवऱ्याचे रक्त तपासण्याची तसदी कोणी घेत नाही; हा अन्याय आहे, असे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे म्हणतो.

अशा वनस्पतींच्या अर्काने साखर उतरली म्हणजे प्रजननशक्तीही सुधारली, असे गृहीत धरणे मात्र घातक ठरेल. कडुनिंब आणि कारले यांच्या अर्कांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांची साखर कमी झाल्याचे दाखले जसे आहेत, तसेच त्याच वनस्पतींच्या अर्कांनी प्राण्यांची प्रजननक्षमता घटल्याचेही आहेत. अपत्याची आस धरून बसलेले तरुण जोडपे ज्या अर्काकडे आशेने पाहते, तोच त्या आशेवर घाला घालणारा निघू नये, याची जबाबदारी संशोधकाची आहे.

दुसरा प्रश्न या ज्ञानावरील हक्काचा आहे: १९९९ साली अमेरिकेत कारले, जांभूळ, गुडमार आणि आमच्या भरताचे वांगे यांच्या मिश्रणांवर मधुमेहासाठी पेटंट दिले गेले. या दोन्ही कारणांसाठी प्रार्थना अशी की, मधुमेहावरील प्रत्येक अर्काची प्रजननविषयक चाचणी अनिवार्य मानावी. ज्या पाड्यावरून ज्ञान मिळाले, त्या पाड्याची संमती व हिस्सा दप्तरी नोंदवावा. आणि चालू असलेले औषध रुग्णाने स्वतःहून सोडू नये, हे त्याला त्याच्या बोलीत सांगावे. अध्यक्षमहाराजांनी आसनस्थ होऊन परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा, अशी विनंती करतो.