एकसष्टाचं कोडं

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक संख्या लिहून घ्या : १७६६३१९०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

ही संख्या येते कुठून? एखाद्या धन पूर्णांकाचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा, एक मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. ६१ ऐवजी ६० असते तर चारावरच काम भागलं असतं : सोळा गुणिले साठ, अधिक एक, म्हणजे ९६१, एकतीसचा वर्ग. ६२ ला आठ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर आहे २२६१५३९८०, आणि शेवटी येणारं वर्गमूळ म्हणजे आपली ही अब्जातली संख्या. सेकंदाला एक आकडा तपासत रात्रंदिवस बसलात, तरी सात वर्षं पुरायची नाहीत!

भास्कराचार्यांनी हे उत्तर इ. स. ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त काढून दाखवलं. रीतीचं नाव चक्रवाल. ती कशी चालते ते पाहा. आठाचा वर्ग ६४, एकसष्टापेक्षा तीन जास्त. हा तीन म्हणजे क्षेप. तो एकावर आणायचा आहे. आता असा आकडा निवडा की तो आठात मिळवला तर बेरजेला तिनानं भाग जावा, आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. सात चालतो. त्यावरून नवी जोडी मिळते ३९ आणि ५ : ३९ चा वर्ग १५२१, पाचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५. चार कमी. इथे ब्रह्मगुप्तांची भावना, म्हणजे दोन जोड्या गुणून नवी जोडी काढण्याची रीत, मदतीला येते. या जोडीचा स्वतःशीच पुन्हा पुन्हा गुणाकार केला आणि आठानं भागलं की २९७१८ आणि ३८०५ हाती लागतात. आता फक्त एक कमी. आणखी एकदा तसंच केलं की कमीचा एक अधिकाचा होतो, आणि आपली संख्या समोर उभी राहते. मला यातलं सौंदर्य इथेच दिसतं : कोट्यवधी आकड्यांचं रान तुडवावं लागत नाही, मोजकी पावलं पुरतात.

१६५७ साली फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञानं हेच ६१ चं कोडं आपल्या समकालीनांना घातलं. पुढे युरोपात या समीकरणाला पेल या गणितज्ञाचं नाव चिकटलं; त्याचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. पण नावापेक्षा मला दुसरीच खंत वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. त्याचा आपण अभिमानानं उल्लेख करतो. मग हे उदाहरण शाळेत फळ्यावर सोडवून का दाखवत नाही? नववी-दहावीच्या मुलांना ते नक्की पेलेल.

फर्मानं १०९ चंही कोडं घातलं होतं. दहाचा वर्ग शंभर, नऊ कमी. तिथून सुरुवात करा. उत्तरातली मोठी संख्या पंधरा अंकी आहे.