देवळाच्या आवारातील कण्हेर

(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



कोणी पैसा दिला, कोणी अंगमेहनत केली, म्हणून आजचा दिवस दिसला. सर्वांचे आभार मानून झालेच आहेत. मी माझी पाच मिनिटे आवारातील कण्हेरीसाठी घेतो. नवी भिंत बांधताना तिच्या फांद्या तोडाव्या लागल्या, आणि पावसाळ्यात तिची नवी रोपे लावावयाची आहेत.

कण्हेर ही भूमध्य समुद्राच्या काठची. जाड पानांतून पाणी थोडेच उडत असल्याने वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही ती हिरवी राहते. कडू म्हणून शेळी तोंड लावत नाही, आणि देवाला तांबडे-पांढरे फूल मिळते. परंतु संस्कृतात तिला करवीर म्हणतात, तसेच अश्वमारक, म्हणजे घोड्यास मारणारी, असेही म्हणतात. पूर्वजांनी नावातच इशारा देऊन ठेवला आहे. मूळ, साल, पान, फूल, सर्वांत विष आहे. ते हृदयाची गती बिघडवते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही अमेरिका खंडातील निराळी जात. पण तिच्या बियाही घातक, आणि पोरे नेमकी त्यांनीच खेळतात.

ढोर हिरवे पान सहसा टाळते. मात्र तेच पान वाळून कुटारात मिसळले तर खाल्ले जाते, आणि वाळल्याने विष जात नाही. पोळ्याला गावचे बैल याच देवळापुढे उभे राहतात, हे विसरू नका.

केरळात पाने चघळल्याने एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय आला, तेव्हा २०२४ च्या मे महिन्यात तेथील त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात हे फूल वापरणे बंद केले. झाडाशी त्यांचे वैर नव्हते. माणसाच्या पोटाची काळजी होती.

म्हणून माझी विनंती एवढीच. कण्हेर जरूर लावावी, पण ढोरांच्या हौदापासून व पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. फूल देवाला वाहावे, प्रसादाच्या ताटात ठेवू नये. तिच्या काडीने दात घासू नयेत. तोडलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नयेत, जाळूही नयेत, कारण धूरही बाधतो. खोल खड्ड्यात पुराव्यात. कोणी चुकून खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत न बसता फांदी सोबत घेऊन तडक धामणगावचा दवाखाना गाठावा.

आपण देऊळ नवे केले. त्याच्या सावलीत खेळणारे लेकरू आणि उभा राहणारा बैल सुखरूप राहावा, इतके बोलून मी आपली रजा घेतो.